अल्बम आतून येतोय

ब्रुकलिनमध्ये त्याला 'काय चाललंय?' असं विचारू नये. विचारणारा घाईत असतो आणि उत्तर चारशे वर्षांचं मिळतं. 'अल्बम आतून येतोय,' असं म्हणून तो डोळे मिटतो. मग ते उघडेपर्यंत थांबणं आलं.

हा रॅपर नुकताच तिशी ओलांडलेला असतो. विशीत त्याने गाडी, गळ्यातली साखळी आणि शत्रू यांच्यावर भरपूर गाणी केली. गाडी मित्राची होती, साखळी भाड्याची आणि शत्रू मनातले. आता त्याला अंतर्मुख व्हायचंय. ते एकट्याने जमत नाही. साउंड इंजिनिअर लागतो, शिवाय हा अंतर्मुख होताना कसा दिसतो ते टिपायला कॅमेरावालाही.

नमुना तसा जुना आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस जंगल ब्रदर्स वगैरे रॅप मंडळींच्या गळ्यात सोन्याऐवजी आफ्रिकेच्या नकाशाचं चामडी पदक आलं, तेव्हापासूनचा. पण २०१४ मध्ये रॅपर केंड्रिक लमार दक्षिण आफ्रिकेला जाऊन आला, पुढच्याच वर्षी त्याचा 'टू पिंप अ बटरफ्लाय' हा अल्बम आला, आणि या पंथातल्या प्रत्येकाने पासपोर्ट काढून ठेवला.

आपल्या मुळांच्या शोधाचा नारळ फुटतो तो थुंकीने. नळीत थुंकून नळी डीएनए तपासणाऱ्या कंपनीला पाठवायची. काही आठवड्यांनी आपला नकाशा घरी येतो. आमच्या रॅपरच्या अंगात जवळजवळ निम्मा नायजेरिया निघाला. झालं! घरात तिथल्या फेला कुटीच्या तबकड्या आल्या, शेजाऱ्यांना जोलोफ भात खावा लागला, आणि तिथल्या लेगॉस शहरावर चांगलं लांबलचक गाणं तयार झालं. त्याचं मिक्सिंग होतंय न होतंय तोच कंपनीने हिशेब सुधारला. तुलनेसाठी जमवलेले नमुने वाढले की या कंपन्या आकडे बदलतात. नायजेरिया घसरला, बेनिन आणि टोगो वर चढले. आता 'लेगॉस' काढून टोगोची राजधानी 'लोमे' घातली तर यमक टिकेल का, हा प्रश्न त्याने रात्री दोन वाजता इंजिनिअरला फोनवर विचारला. इंजिनिअर तासावर पैसे घेणारा. तो म्हणाला, 'घाई कशाला? पुढचा अहवाल येऊ दे.'

हसू येतं खरं, पण या माणसाने थुंकू नये तर करावं काय? अमेरिकेच्या १८५० आणि १८६०च्या शिरगणतीत गुलामांची यादी वेगळी होती. तिच्यात मालकाचं नाव, आणि त्याखाली मालमत्तेचं वय, लिंग, रंग. गुलामांची नावं जवळपास कुठेच नाहीत. बहुतेकांची नावं शिरगणतीत आली ती १८७० साली. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांनी वही उघडून खापरपणजोबांची सही दाखवावी आणि आपण दक्षिणेवरून घासाघीस करावी, ही चैन त्याला कुठली? त्याच्या हाती लागतो एक 'पुरुष, वय ३४'. एवढ्यावर सोळा ओळी बांधणं म्हणजे खायचं काम नाही. त्याने त्या बांधल्यात, आणि चांगल्या बांधल्यात. फक्त कॅमेऱ्यासमोर तो त्यांच्याबद्दल बोलत नाही. तिथे तो लेगॉसबद्दल बोलतो.

पुढे प्रवास. अहवाल टोगो म्हणत होता, पण त्याला विमान मिळालं ते शेजारच्या घानाचं, म्हणून पूर्वजांनी थोडं सरकून घेतलं. २०१९ हे 'परतीचं वर्ष' जाहीर करून घानाने सगळ्यांना हाक दिलीच होती. केप कोस्टच्या किल्ल्यातल्या गुलामांच्या कोठड्या पाहून तो वर आला तेव्हा त्या दिवसापुरतं चित्रीकरण बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाजारात अस्सल आफ्रिकी छापाचा सदरा घेतला. या छापाची घडण जावातल्या बाटिकची आणि नावाजलेला कारखाना हॉलंडमधल्या हेल्मंडचा, ही माहिती विक्रेत्याने दिली नाही. का द्यावी?

घानाच्या राजधानीत, अक्रातल्या स्टुडिओत त्याने एकवीस तारांचा कोरा वाजवणारा मागितला. कोरा तिकडे गांबिया-मालीकडचा. मुंबईत उतरून बिहू नाचणारे मागावेत तशातली गत. तिथल्या विशीतल्या पोराने अदबीने लॅपटॉप उघडला, त्यातून तयार कोरा काढला आणि विचारलं, 'भाऊ, खाली अटलांटासारखा बेस टाकू ना?' त्याला ब्रुकलिनचा पाहुणा मिळाला होता. ढोल तर रोजचेच होते.

अल्बममध्ये आजीचा आवाज हवाच. तो नसला तर अंतर्मुखता सिद्ध होत नाही. साउथ कॅरोलायनातल्या आजीपुढे त्याने फोन ठेवला आणि म्हणाला, 'आजी, पूर्वजांबद्दल बोल.' आजी अकरा मिनिटं बोलली. त्यात त्याने नेलेलं बिडाचं पातेलं होतं, चर्चला न येणं होतं, भेंडी चिकट होऊ नये म्हणून काय करायचं ते होतं, आणि तिच्या आजीला भुताखेतांपेक्षा सावकाराची भीती कशी वाटायची तेही होतं. इंजिनिअरने एक शब्दही कापला नाही. पुढच्यामागच्या दोन गाण्यांना मात्र कात्री लावली.

अल्बम अजून यायचाय. आजीने कुठूनतरी रॉयल्टीबद्दल ऐकलंय, आणि कागदावर सही होईपर्यंत परवानगी देणार नाही म्हणते.