अकरा त्रिक तेहेतीस

कळंबला चहासाठी पिकअप थांबवली आणि पाच मिनिटांत गाडीभोवती दहा-बारा माणसं जमली. मागे शकुंतला उभी होती. पांढरी, बुटकी, मानेवर मेंदीचा जुना डाग अजून न गेलेला. पानठेलेवाल्याने तिला खालून वर न्याहाळलं आणि मला विचारलं, "लगन कोनाचं हाय, काका?"

"लग्न नाही. नागपूरजवळ शिबिर आहे."

"कायचं?"

"उड्या मारायचं."

त्याने एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा माझ्या केसांकडे. "कोन मारनार हाय? तुमी का ते?"

मी चहाचे पैसे दिले.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. तीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यातले बांध मोजले, पुसदपासून वणीपर्यंत. ज्या बांधापायी सख्खा भाऊ भावाचं डोकं फोडतो, त्या बांधावर आम्ही चेहरा कोरा ठेवून साखळी टाकायची. साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढे टेप आले, यंत्रं आली, उपग्रह आले, पण ३३चा आकडा काही अंगातून गेला नाही. तीस वर्षं लोकांना "बांध ओलांडू नका" असं बजावल्यावर निवृत्तीनंतर आपण एखादा बांध घोड्यावरून ओलांडावा, असं वाटण्यात मला वावगं दिसत नाही. आमच्या सौ.ना दिसतं. "साठी बुद्धी नाठी" एवढंच त्या म्हणाल्या आणि हाडांच्या डॉक्टरांचा नंबर त्यांनी फ्रिजवर चिकटवला.

घोडी मिळाली ती एका वरातवाल्याकडून. नवरदेव हल्ली बग्गीतून येतात, ट्रॅक्टरवरून येतात, एखादा हौशी बुलडोझरवरूनही येतो. बारा वर्षांची घोडी त्याला परवडेना. सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीला लाखा-लाखांची घोडी उभी असतात, त्यांतली ही नव्हे. ग्रॅच्युइटीला फार मोठं भोक न पाडता ती माझ्या गोठ्यात आली. शकुंतला हे नाव मी ठेवलं. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरो गेजवरची आमची शकुंतला ज्यांनी पाहिली असेल त्यांना कारण सांगायला नको. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला घातलेली लाइन, १९९४पर्यंत वाफेचं इंजिन, आणि गाडी अशी की प्रवाशापेक्षा तिच्या मनात काय आहे हे महत्त्वाचं. घोडीला नाव थट्टेत दिलं होतं. ते लागू पडलं.

घरी मी आपल्या बुद्धीने दोन अडथळे उभारले. चार खुंट, दोन आडवे बांबू. मोजणीच्या झेंडीकाठीसारखे लाल-पांढरे पट्टे मारले, सुतळीने करकचून बांधले आणि दोन्हींत अंतर ठेवलं, सवयीने, एक साखळी. दोन वेळा घोडी पहिल्या बांबूपाशी येऊन थांबली. तिसऱ्या वेळी मी टाच मारली. शकुंतला थांबली, मी नाही थांबलो. तूर कापणीला आली होती, तिच्यात पडल्यामुळे वाचलो. घोडं नेमकं पेंड कुठं खातंय, हे कुणाला तरी विचारायला हवं होतं.

म्हणून ते शिबिर. तीन दिवसांचं, जानेवारीतलं. बाकीचे शिकाऊ दहा-बारा वर्षांचे, डोक्यावर हेल्मेट, घोडे माझ्या खांद्याइतके उंच. त्यांच्या आईबापांनी मला सईस समजून दोनदा पाण्याची बादली आणायला सांगितली. मी आणली. शिकवणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची असेल. माझ्या बांबूंचा फोटो तिने मोबाइलवर मोठा करून पाहिला.

"काका, हे सुतळीने बांधलंय?"

"पक्कं बांधलंय."

"तेच चुकलंय."

स्पर्धेतला दांडा उथळ वाटीत नुसता टेकवलेला असतो. घोड्याचा पाय लागला की तो पडतो, स्वाराला चार दंडगुण मिळतात आणि दोघंही धडधाकट राहतात. बांधलेला बांबू पडत नाही, मग घोडं पडतं. दुसरं, लाल रंग. घोड्याला निळा-पिवळा चांगला ओळखू येतो, लाल मळकट दिसतो. जी झेंडीकाठी मला एका फर्लांगावरून स्वच्छ दिसते, ती शकुंतलेला वाळल्या गवतात जेमतेम दिसत असणार.

पहिला दिवसभर उडी नाहीच. जमिनीवर दांडे टाकून त्यांवरून नुसती दुडकी. रिकिबीत टाचा खाली, नजर वर. माझी नजर काही वर राहीना.

"काका, खाली काय बघताय? काही पडलंय का?"

आता तिला काय सांगणार? हद्दीचा दगड जमिनीतच सापडतो, वर बघून कुणाला सापडलाय? पण तिने पुढे जे सांगितलं ते ऐकून मी गप्प झालो. घोड्याचे डोळे दोन बाजूंना. अडथळा अगदी जवळ आला की तो नाकाखाली जातो आणि घोड्याला दिसेनासा होतो. शेवटचं पाऊल ते आठवणीवर टाकतं. नेमक्या त्याच वेळी वरचा माणूस मान खाली घालून वाकला, तर घोड्याच्या पुढच्या पायांवर भार येतो, आणि उचलायचे तर तेच पाय असतात.

पुढे झुकून बसण्याची ही रीतही काही फार जुनी नाही. पूर्वी स्वार उडीच्या वेळी मागे रेलत आणि लगामाला लोंबकळत. कॅप्रिली नावाच्या इटालियन घोडदळातल्या अधिकाऱ्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे उलटं केलं आणि सगळ्या जगाने ते उचललं. तो १९०७ साली घोड्यावरूनच पडून गेला, चाळिशीच्या आत. फोनवर सौ.ना मी फक्त पहिला भाग सांगितला.

दुसऱ्या दिवशी फुलीसारखे दोन दांडे लावले, मधोमध जेमतेम फूटभर उंच. शकुंतला झकास दुडकत आली, दोन हातांवर थांबली, मान उंचावली आणि जागच्या जागी एकेक पाय उचलून नाचायला लागली. मैदानात हशा पिकला. एका मुलाने शिट्टीही मारली. त्या शिट्टीने तिला जास्तच चेव आला.

ती मुलगी मात्र हसली नाही. "ही वरातीत होती ना?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दहा वर्षं हिचं काम काय? दहा पावलं चालायचं, समोर गर्दी दिसली की थांबायचं, नागीण संपेपर्यंत पाय हलवत राहायचं. फटाके उडोत, जनरेटर धडधडो, नवरदेवाचा मामा पायात लोळो, पुढे जायचं नाही. जी पुढे गेली तिने मार खाल्ला. मी इतके दिवस जिला अडेल म्हणत होतो, ती चोख काम करत होती. तिची बदली दुसऱ्या खात्यात झाली आहे, हे तिला कुणी कळवलंच नव्हतं.

अशा बदल्या होतात, बरं का. उंच उडीचा विक्रम चिलीतल्या वासो नावाच्या घोड्याच्या नावावर आहे. ५ फेब्रुवारी १९४९, २.४७ मीटर, म्हणजे आठ फुटांच्या वर, तेही तिसऱ्या प्रयत्नात. अजून तो मोडलेला नाही. हा वासो आधी शर्यतीत धावायचा. तिथे जमलं नाही, म्हणून इकडे आला.

उपाय साधा निघाला. दांडा जमिनीवर, गूळ पलीकडे. थांबली तर रागवायचं नाही, ओलांडला की लगेच मानेवर थाप. दुपारभरात तिला कळलं की इथे थांबल्याचे पैसे मिळत नाहीत.

संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर मी पिशवीतून टेप काढला. दंताळं फिरवलेल्या वाळूत शकुंतलेच्या टापा उमटल्या होत्या, सातबाऱ्यावरच्या नोंदींसारख्या स्वच्छ. मागच्या डाव्या खुराच्या नालेची कड धरली आणि तोच खूर पुन्हा पडला होता तिथपर्यंत टेप ओढला. अकरा फूट. पुढची ढांग मोजली. अकराला एक इंच कमी. तिसरी, अकरा. ती मुलगी मागे येऊन उभी राहिली होती.

"नियम बारा फुटांचा आहे, काका. मोठ्या घोड्याची एक ढांग बारा. दोन अडथळ्यांत दोन ढांगा हव्या असतील तर छत्तीस फूट. उतरताना अर्धी, उठताना अर्धी, मध्ये दोन. तीन ढांगा धरायच्या."

"हिच्या तीन म्हणजे?"

तिने मनातल्या मनात गुणाकार केला. मला करावा लागला नाही. अकरा त्रिक तेहेतीस. घरचे बांबू मी बरोबर एका साखळीवर लावले होते.

"अंतर बरोबरच होतं मग," ती म्हणाली. "बघणारा चुकत होता."

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन अडथळे, दोन फूट उंचीचे, ३३ फुटांवर. सूचना एकच, समोरच्या निंबाच्या शेंड्याकडे बघायचं. मी ढांगा मोजायचं ठरवलं होतं. एक म्हणायच्या आत खोगीर वर आलं, माझ्या पोटात गोळा आला, खाली आदळलो, आणि मोजणी तिथेच चुकली. मधल्या दोन ढांगा शकुंतलेनेच मोजल्या. दुसऱ्या उडीनंतर निंबाचा शेंडा होता तिथेच होता आणि मी अजून घोडीवर होतो. कान टवकारून तिने गुळासाठी मान वळवली. तिच्या लेखी विषय संपला होता.

परतताना कळंबला पुन्हा चहा घेतला. "झालं का लगन?" पानठेलेवाल्याने विचारलं. झालं म्हटलं.

आता तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात. जुन्या वरातवाल्याने माझा नंबर कुणाकुणाला दिलाय, कोण जाणे. तेव्हा एकदाच सांगून टाकतो. घोडी भाड्याने मिळणार नाही. समोर नाचणारी माणसं दिसली की ती थांबेल, याची हमी मला आता देता येत नाही.