बुद्धीची शिकवणी

नाशिकमध्ये अशोकस्तंभाकडून गंगापूर रोडला लागा आणि फलक वाचत चला. स्कॉलरशिप, नवोदय, ऑलिम्पियाड. आता बुद्धिमत्ता चाचणीचीही शिकवणी.

शिकवणीने वाढतं काय? बुद्धी की गुण?

शिष्यवृत्ती परीक्षेच्या 300 गुणांपैकी 100 बुद्धिमत्ता चाचणीचे. आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, रांगेत डावीकडून सातवा कोण. तोच नमुना वर्षभर घोटला की पोरगं प्रश्न संपायच्या आत पर्याय सांगतं. ते विचार करत नाही, त्याला आठवतं.

म्हणजे मोजलं गेलं ते पाठांतर.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी 1905 साली पॅरिसमध्ये सहकारी सिमाँ यांच्यासोबत पहिली बुद्धिमत्ता चाचणी तयार केली. हुशार मुलं निवडायला? मुळीच नाही. वर्गात मागे पडणाऱ्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी त्याच कसोटीच्या आधारे मराठी आणि कानडी मुलांसाठी चाचणी बेतली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे.

मदतीसाठी जन्मलेलं साधन आपण शर्यतीला जुंपलं.

यात खरा मार खातं ते अडखळणारं मूल. अध्ययन अक्षमतेच्या तपासणीत बुद्ध्यांक पाहतात. अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं की दहावीला जादा वेळ मिळतो. अशा चाचणीचे प्रश्न आधीच मिळवून घोटून घेतले, तर तज्ज्ञाला दिसणार काय? मुलाची अडचण झाकायला आईबापच पैसे मोजतात!

शाळाप्रवेशाची तर गोष्टच नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी 50 हजारांपर्यंत. मग चिमुरड्यांकडून रंग-आकार घोकून घेता कोणासाठी? शाळेने चाचणी मागितली तर कलम दाखवा. तयारी कसली करता?

शिष्यवृत्तीसाठी जुन्या प्रश्नपत्रिका जरूर सोडवा. घड्याळ लावून, उत्तरपत्रिकेतले गोल रंगवून. एवढ्याने भीती जाते. बुद्ध्यांक चाचणीला मात्र तेही नको. रात्री पुरेशी झोप, सकाळी पोटभर नाश्ता. ताप असेल तर तारीख बदलून घ्या.

आणि निकाल आला की तो आकडा नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. मूल नेमकं कुठे अडतंय, हे तज्ज्ञाला विचारा. फी त्यासाठीच दिली आहे.