आस लागलेला माणूस

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लिफ्टच्या उजव्या हाताला, एक जीप उभी असते. 'उभी असते' हे तिच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. वर्षातले निदान सात महिने तिचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर असतो, चाकं भिंतीला टेकलेली असतात आणि खालून दोन पाय बाहेर आलेले असतात. हे पाय म्हणजे आमचे जीपवाले. चपलांवरून मी त्यांना पहिल्याच आठवड्यात ओळखायला लागलो होतो, चेहऱ्याने ओळखायला गणपती उजाडले.

पुण्यात दर मोठ्या सोसायटीत असा एक नग असतोच. वय चाळीस-पंचेचाळीस, नोकरी संगणकाशी संबंधित, पगार चांगला. घरात दुसरी एक निमूटपणे चालणारी गाडी असते. तिच्या चाकांतली हवा तीन वर्षांत यांनी तपासलेली नसते, कारण तिच्यात यांना रस नसतो. ती बंद पडत नाही ना!

जीपवाल्याला 'काय झालं गाडीला?' असं विचारू नये. तिला आपणहून काही होत नाही, जे होतं ते यांनी केलेलं असतं. 'सध्या काय चाललंय?' असं विचारायचं, आणि तेही हातात भाजीची पिशवी नसताना. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा पिशवीत मेथी होती. घरी पोचेपर्यंत तिने मान टाकली होती.

झालं असं होतं की यांनी आधी टायर बदलले. जीपचे मूळचे 6.00-16 चे बारीक टायर काढून 33 इंची, खोल नक्षीचे, ट्रॅक्टरचे धाकटे भाऊ शोभतील असे टायर चढवले. पहिला परिणाम स्पीडोमीटरवर झाला. काटा पन्नास दाखवायचा तेव्हा गाडी अठ्ठावन्नच्या आसपास असायची. 'एवढी जुनी जीप, पण बघा, दाखवते त्यापेक्षा जास्तच देते!' असं ते अभिमानाने सांगत. दुसरा परिणाम मुळशीच्या बाजूला एका ओढ्यात झाला. चाक मोठं म्हणजे तरफ लांब. एक चाक दगडात अडकलेलं, यांचा पाय ॲक्सिलरेटरवर, आणि 'टक्' असा आवाज झाला. हा 'टक्' ते अजूनही एखाद्या मैफलीतली सम सांगावी तसे डोळे मिटून सांगतात. मागचा शाफ्ट तुटला होता. तुटला ते तुटला, चाक ड्रमसकट बाहेर येऊन बसलं.

'यात शाफ्टची चूक नाही,' ते मला म्हणाले. 'सेमी फ्लोटिंग आहे बिचारा.'

'बिचारा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून माणसाबद्दल कधी ऐकलेला नाही.

पुढचं सगळं एका लग्नाच्या पंगतीत, जिलबी आणि मठ्ठ्याच्या पेल्याच्या साहाय्याने मला समजावण्यात आलं. सेमी फ्लोटिंग आक्सलात एकाच शाफ्टला दोन कामं असतात, चाक फिरवायचं आणि वर गाडीचं ओझंही वाहायचं. शाफ्ट गेला की चाकही निघालं. फुल फ्लोटिंगमध्ये ओझं बाहेरच्या नळीवर, म्हणजे हौसिंगवर. चाकाचा हब त्या नळीच्या टोकावर बेअरिंगांनी बसवलेला, आणि आतला शाफ्ट नुसता फिरवण्याचा धनी. तो तुटला तरी चाक जागच्या जागी. बाहेरून आठ-दहा बोल्ट काढायचे, तुटका शाफ्ट ओढून काढायचा, नवा सरकवायचा आणि चालू लागायचं. आतल्या बाजूला अडकलेला तुकडा कसा काढायचा, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी जिलबी खाऊन टाकली.

'दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला मागे फुल फ्लोटिंगच होता,' ते गळा दाटून म्हणाले. 'मग लढाई संपली, जीप नागरी झाली, आणि थोड्याच दिवसांत सेमी फ्लोटिंग आला.' जणू युद्ध थांबवून जगाने यांच्यावर अन्याय केला होता.

शेजारी त्यांच्या आई बसल्या होत्या. जुन्नरकडच्या, ऐंशी पार केलेल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, 'म्हंजी बैलगाडीवानीच की रं. आस जाग्यावर, चाक त्याच्यावर फिरतंय. तुझ्या आज्याच्या गाडीला हेच व्हतं.'

त्या एका वाक्याने सगळी थिअरी मला कळली. यांना मात्र ते लागलं. आजोबांकडे फुल फ्लोटिंग होतं आणि आपल्याकडे नाही, ही बोच घेऊन ते घरी गेले.

त्यानंतर त्यांना जो आस लागला, तो दोन्ही अर्थांनी. जुन्या सुट्या भागांसाठी दर शनिवारी नाना पेठ, महिन्यातून एकदा मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात. सिग्नलला उभे राहिले की नजर शेजारच्या टेंपोच्या मागच्या चाकाच्या मधोमध. तिथे पुढे आलेला हब आणि कडेने बोल्टांचं कडं दिसलं की समजायचं, फुल फ्लोटिंग. ही सवय संसर्गजन्य आहे. मी हल्ली पीएमपीच्या बसचा नंबर वाचायच्या आधी हब बघतो, त्यामुळे दोनदा चुकीच्या बसमध्ये चढलो आहे.

अखेर एका जुन्या मालवाहू टेंपोचा आक्सल मिळाला. तो पार्किंगमध्ये आला त्या दिवशी वॉचमनला वाटलं, बोअरवेलचं सामान आलं. वहिनी बाल्कनीतून बघत होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, 'हा बसतो का?'

बायकांचे प्रश्न नको इतके नेमके असतात. तो बसत नव्हता. आधी रुंद होता, म्हणून दोन्हीकडून कापून बारीक केला. कापला म्हणून शाफ्ट नवे करवून घेतले. पाटे जिथे टेकतात त्या बैठका जागेवर नव्हत्या, त्या उडवून नव्या वेल्ड केल्या. त्या वेल्ड करताना पिनियनचं तोंड किंचित वर झालं, तेव्हा प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस कुरकुरायला लागले, म्हणून पुन्हा कापल्या. त्या प्रोपेलर शाफ्टची लांबी चुकली, तोही बदलला. हँडब्रेकची केबल पोचेना. हे सगळं ऐकताना मला आमच्या स्वयंपाकघरातला नळ आठवत होता. तो गळतो म्हणून प्लंबर आला होता आणि तीन महिन्यांनी आम्ही नवीन ओट्यावर गॅस ठेवला.

शेवटची जुळणी मात्र बघण्यासारखी झाली. उस्ताद म्हणून एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांनी शेंदूर तेलात कालवला आणि बोटाने आक्सलातल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे क्राऊनच्या, तीन-चार दातांना लावला. क्राऊन हाताने फिरवून त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनचा दात कुठे घासतो, ते शेंदराच्या उडालेल्या ठशावरून बघायचं, कागदासारखी पातळ शिम घालायची, पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. एवढा वेळ जीपवाले हात जोडल्यासारखे उभे होते. ठसा दाताच्या मधोमध आला तेव्हा उस्तादांनी नुसती मान हलवली, आणि यांनी मला मिठी मारली. त्या शर्टाला 90 नंबरच्या तेलाचा गंधकासारखा वास होता. माझ्या शर्टाला अजून आहे.

मग चाचणी. गाडी फाटकाबाहेर गेली आणि चौकातून परत आली. यांनी क्राऊनचे दात मोजले नव्हते! जीपच्या पुढच्या आक्सलात पिनियनला 8 दात आणि क्राऊनला 43, म्हणजे 5.38. या टेंपोच्या आक्सलात 8 आणि 39. फोर व्हील लावली की पुढची चाकं एका वेगाने जायला बघतात आणि मागची दुसऱ्या. तीन पायांच्या शर्यतीत एकाने पळावं आणि दुसऱ्याने शतपावली घालावी, तसं. म्हणजे आता पुढचाही आक्सल उघडणं आलं. डिफरन्शियल लॉकरचा विषय मी इथे मुद्दाम काढत नाही. त्यांच्यासमोर तुम्हीही काढू नका.

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त वकीलसाहेबांनी याच सुमारास त्यांना जिन्यात गाठून मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ऐकवलं. कंपनीने ठरवलेल्या तपशिलात परस्पर बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली तेच बजावलं आहे, वगैरे. जीपवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'काका, तुमच्या गाडीला मागे कुठला आक्सल आहे?' वकीलसाहेबांना माहीत नव्हतं. यांच्या दृष्टीने खटला तिथे संपला.

मागच्या पावसाळ्यात सगळं जमून आलं आणि मला ताम्हिणीच्या बाजूला नेण्यात आलं. मागच्या सीटवर माझ्या पाठीला काहीतरी टोचत होतं. तो जादा शाफ्ट होता, जुन्या धोतरात गुंडाळलेला. चार गाड्या, चिखल, दगड, धुकं. जीपवाल्यांनी दोन तास शोधून शोधून वाईट जागी गाडी घातली. प्रत्येक वेळी ती बाहेर आली. काही तुटलं नाही, काही वाजलं नाही. दुपारी डबा खाताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. शाफ्ट तुटला तर चाक राहतं, हे दाखवायला शाफ्ट आधी तुटायला नको का?

आणि साडेतीनला, मागून, 'टक्'.

यांनी हातातली पोळी टाकली. 'ऐकलंत?' आवाज आमच्या गाडीचा नव्हता. मागच्या छोट्या गाडीचा शाफ्ट गेला होता. तिच्या मालकाला हा नाद लागून अवघे चार महिने झाले होते आणि तो चिखलात कपाळाला हात लावून उभा होता. जीपवाले धोतरातलं बाळ दोन्ही हातांवर घेऊन पावसात धावले. तुटका तुकडा बाहेर काढला. दोन्ही शाफ्टच्या टोकांच्या खाचा शेजारी शेजारी ठेवून बोटाने मोजल्या. यांच्या तीस, त्याच्या सव्वीस.

क्षणभर सगळे गप्प झाले. मग जीपवाल्यांनी शाफ्ट पुन्हा नीट गुंडाळला, त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, 'यात शाफ्टची चूक नाही रे. सेमी फ्लोटिंग आहे बिचारा.'

'म्हणजे काय, सर?'

मी डब्याकडे पाहिलं. जिलबी नव्हती, पण शेजारी थर्मासचं झाकण होतं आणि यांनी ते आधीच उचललं होतं. अंधार पडायला अजून तीन तास होते.