कन्हानचं तिकीट किती?

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
भाडे निश्चिती समिती (नेमली जाईल तेव्हा),
नागपूर मेट्रो, टप्पा दुसरा.

विषय: ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी या वाढीव मार्गाचं भाडं ठरवण्याआधी आमचंही ऐकून घेण्याबाबत.

संदर्भ: ऑटोमोटिव्ह चौकातल्या ऑटो स्टँडवर वेळोवेळी झालेली तोंडी चर्चा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपण कोण हे अजून ठरायचं आहे. तरीही अर्ज टाकून ठेवतो. आमच्याकडे अर्ज आधी जातो आणि साहेब मागून येतात. साहेब आल्यावर अर्ज द्यावा म्हटलं, तर 'मुदत संपली' हा शिक्का त्यांच्याही आधी टेबलावर हजर असतो.

मेट्रो रेल्वे (संचालन व देखभाल) अधिनियम, 2002 मी वाचला आहे. ऑटो भरेपर्यंत स्टँडवर बसावंच लागतं, तेवढ्या वेळात कुठलाही अधिनियम वाचून होतो. त्यात लिहिलंय की आपल्या समितीचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती असावेत. सोबत एक सदस्य केंद्राचा, एक राज्याचा, तेही अतिरिक्त सचिवाच्या तोलाचे. समितीनं जास्तीत जास्त तीन महिन्यांत शिफारस द्यावी आणि ती मेट्रोवर बंधनकारक राहील. फार छान. तिघांमध्ये प्रवासी एकही नाही, हे त्याहून छान. असता तर हितसंबंध गुंतलेत म्हणून त्याला पहिल्याच बैठकीत बाहेर बसवावं लागलं असतं.

एक बारीकसं कलम मात्र जीवाला लागलं. सुरुवातीचं भाडं समितीशिवाय, मेट्रोचं प्रशासन स्वतःच लावू शकतं. म्हणजे आपण खुर्चीवर बसाल तोवर कन्हानचं तिकीट छापून झालेलं असेल, आणि आपल्यापुढे प्रश्न येईल तो फक्त 'किती वाढवायचं' एवढाच. म्हणून ही घाई.

आता मार्गाकडे वळतो. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं दुसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली: 43.8 किलोमीटर, 32 स्थानकं, 6,708 कोटी रुपये. त्याच महिन्याच्या 11 तारखेला पंतप्रधानांनी पहिल्या टप्प्याचे उरलेले तुकडे खुले केले आणि लगेच दुसऱ्याची पायाभरणी उरकली. एकाच मांडवात एकाची वरात आणि दुसऱ्याचा साखरपुडा. फाटे चार आहेत. एक मिहानकडून बुटीबोरीला, एक लोकमान्य नगरहून हिंगण्याला, एक प्रजापती नगरहून कापसीच्या ट्रान्सपोर्ट नगरला, आणि चौथा आमचा. ऑटोमोटिव्ह चौकातून कामठी रोडनं कन्हान नदीपर्यंत, 13 किलोमीटर.

आमच्या फाट्यावरच्या स्थानकांची नावं वाचून ऊर भरून आला. पिली नदी, खसारा फाटा, ऑल इंडिया रेडिओ, कॅन्टोन्मेंट, ड्रॅगन पॅलेस आणि अगदी शेवटून दुसरं, गोल्फ क्लब. कन्हान म्हणजे कोळशाच्या खाणी, कामठी म्हणजे छावणी आणि बाजार. इथून पहाटे बर्डीला, म्हणजे सीताबर्डीला, निघणाऱ्या माणसाच्या हातात डबा असतो, बाईच्या डोक्यावर भाजीची टोपली असते. आता स्थानक गोल्फ क्लबचंच आहे म्हटल्यावर उद्यापासून आम्ही त्या टोपलीत दोन-चार काठ्याही ठेवत जाऊ. तिकीट तपासणाऱ्याला तेवढाच विश्वास वाटेल.

आपल्याला कदाचित कोणी सांगितलं नसेल, पण कन्हानला रेल्वे आधीपासूनच आहे. कन्हान जंक्शन, हावड्याच्या मुख्य मार्गावर. तिथूनच रामटेकचा फाटा फुटतो. इतवारी–रामटेक मेमू तिथे थांबते. तिचं कमीतकमी तिकीट 10 रुपये. कोरोनात साध्या गाड्यांना 'स्पेशल' म्हणू लागले आणि 10 चे 30 झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये पुन्हा 10 झाले. नाव तेवढं बदललं, बाकडं तेच राहिलं. मग दर स्वस्त असून माणूस गाडीत का नाही? कारण गाडी दिवसातून मोजक्याच वेळा येते, आणि येते तीही कोळशाच्या मालगाडीला वाट देऊन. दहा रुपयांत पोहोचवते. किती वाजता, ते दहा रुपयांत बसत नाही. आपल्या टिपणीत 'स्पर्धक सेवेचा अभाव' असं वाक्य कोणी घातलं, तर तेवढं खोडावं ही विनंती.

याच रुळांवर आणखी एक गाडी धावायची होती. जुलै 2018 मध्ये रेल्वे, राज्य सरकार आणि नागपूर मेट्रो चालवणारी महामेट्रो यांचा करार झाला. ब्रॉडगेज मेट्रो म्हणे. नागपूरहून वर्धा, काटोल–नरखेड, भंडारा रोड आणि रामटेक. जुनेच रूळ, त्यावर नवा वातानुकूलित डबा. कल्पना खरोखर चांगली होती, उपरोध बाजूला ठेवून सांगतो. नवे खांब नकोत, जमीन नको. कदाचित तेच नडलं असेल. खांब नाही तर भूमिपूजन कशाचं करणार? तेव्हापासून भाषणांत ती गाडी पुढे पुढेच जाते आहे: अमरावती, गोंदिया, चंद्रपूर, बैतूल, छिंदवाडा. फलाटावर काही आली नाही. एका जागी उभं राहून इतका लांबचा पल्ला गाठणारी दुसरी गाडी भारतीय रेल्वेकडे नसावी.

असो. मुद्दा भाड्याचा.

महोदय, आपल्यापुढे जो हिशेब मांडला जाईल त्यात वीज, पगार, देखभाल, महागाई आणि कर्जाचे हप्ते असतील. पहिल्या टप्प्याचं कर्ज जर्मनीच्या केएफडब्ल्यूचं आणि फ्रान्सच्या एएफडीचं, ते फेडायचंच. पण कन्हानचा माणूस भाडं वेगळ्या कागदावर मांडतो. त्याचा कागद म्हणजे मोटारसायकलची टाकी. कन्हान ते बर्डी 20 किलोमीटरच्या आसपास. गाडी लिटरला 50 देते. पेट्रोल शंभराच्या वर. म्हणजे एका खेपेला चाळीस-बेचाळीस रुपये. मागे भाऊ बसला की माणशी वीस. मागे भाऊ आणि त्याचा मेहुणा, असे दोघं बसले की चौदा. हे कायद्यात बसत नाही, पण सीटवर बसतात. मेट्रो डोकी मोजते, मोटारसायकल खेप मोजते. नवरा-बायको आणि दोन पोरं रविवारी बर्डीवर खरेदीला निघाली, की मेट्रोला चार तिकिटं जायची चार यायची, आणि गाडीला जाऊन-येऊन तेच, लिटरभराच्या आत. हा साधा गुणाकार कोणत्याही सविस्तर प्रकल्प अहवालात मला दिसला नाही. पोरगा दहावीत गेला की कन्हानात ही गणितं घरीच करून घेतात.

आणि मेट्रोचं तिकीट म्हणजे प्रवास नव्हे, प्रवासाचा मधला तुकडा आहे. घरून स्थानकापर्यंत एक ऑटो, बर्डीला उतरून पुढे दुसरा. त्या दोन टोकांचं भाडं ठरवायला न्यायमूर्ती बसत नाहीत. ते ठरतं असं: 'या बाप्पा, कामठी, कन्हान! एक सवारी, एकच!' ऑटोत आधीच पाच जण. सहावा आला की चालक स्वतः अर्धा बाहेर सरकतो, हँडलला तिरका होतो, आणि शेजारी जागा करतो. 'सरका ना जी थोडं, मावशीले बसू द्या.' मावशी बसते, टोपली मांडीवर, आणि टोपलीतली मेथी सगळ्यांच्या नाकात. पाट्या नाहीत, कलमं नाहीत, पण कोणत्या फाट्याला किती घ्यायचे हे त्याला तोंडपाठ आहे. टोपलीचे वेगळे घेत नाही. आपण एकदा त्या सहाव्या जागेवर बसून यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. तीन महिन्यांची मुदत तेवढ्याने निम्मी वाचेल.

बुटीबोरीचंही थोडं सांगून ठेवतो. तिथे मार्ग औद्योगिक वसाहतीपर्यंत जाणार आहे, उत्तम. पण कारखान्यात भोंगा वाजतो तो पाळीनं. मेट्रो झोपते रात्री दहाच्या सुमारास. दुसरी पाळी सुटते त्यानंतर. त्या कामगाराला कामावर जाताना मेट्रो आणि परतताना चंद्रप्रकाश. मग तो जातानाही मोटारसायकलच काढतो, कारण रात्री परतायला गाडी तिथे उभी लागते. अर्ध्या प्रवासाला कुणी कितीही सवलत दिली तरी ती त्याच्या कामाची नाही.

आता माझा ठोस प्रस्ताव. महामेट्रोची एक योजना होती, 'सेलिब्रेशन ऑन व्हील्स'. वाढदिवस, मुंज, साखरपुडा, काय हवं ते, तासाभरासाठी गाडी भाड्यानं. बातम्यांत आलेला दर साधारण तीन हजार रुपये आणि पाहुणे दीडशेपर्यंत. महोदय, भागाकार करून बघा: माणशी वीस. मोटारसायकलच्या बरोबरीला आलं! तेव्हा कन्हानच्या मजुरांनी वर्गणी काढून रोज सकाळी एक गाडी वाढदिवसासाठी बुक करावी, असं ठरत आलं आहे. रोज कुणाचा तरी असतोच. फुगे आम्ही आणू, केक बर्डीला कापू. फक्त परतीच्या वेळी दुसऱ्याचा वाढदिवस मानून घ्यावा.

गर्दी कशी येते हे आपल्या मेट्रोला ठाऊक नाही असं नाही. 1 जानेवारी 2023 ला एका दिवसात दोन लाखांवर लोक चढले. सगळा मार्ग नुकता खुला झालेला, सुट्टीचा दिवस, झाडून सगळं नागपूर मेट्रो बघायला आलं. दुसऱ्या दिवशी मात्र कामाला जायचं होतं, तेव्हा ज्यानं त्यानं आपापली गाडी काढली. नागपूरकर मेट्रोला नाकारत नाही; तो तिला पाहुण्यासारखं वागवतो. विद्यार्थ्यांना 30 टक्के सवलत दिली ती बरोबर जागी दिली. पोरांना महिन्याच्या अखेरीस खिशात काय उरतं ते ठाऊक असतं, आणि एकदा का अंगवळणी पडलं की नोकरी लागल्यावरही ती त्याच जिन्यानं चढतील.

ज्या जर्मनांकडून आपण कर्ज घेतलं, त्यांनी 2022 च्या उन्हाळ्यात तीन महिने आपल्या देशात 9 युरोत महिनाभर कुठल्याही लोकल गाडीनं फिरा म्हणून तिकीट काढलं होतं. आपल्याकडचे हप्ते त्यांना वेळेवर मिळत असावेत. उलट बंगळुरूत फेब्रुवारी 2025 मध्ये आपल्यासारख्याच एका समितीच्या शिफारशीनं सगळ्यात जास्त भाडं 60 वरून 90 झालं. इतकी ओरड झाली की आठवड्याच्या आतच काही टप्प्यांचे दर खाली आणावे लागले. आणि जून 2014 मध्ये मुंबईच्या लोकलचा मासिक पास पंधराऐवजी तीस एकेरी तिकिटांच्या हिशेबानं देण्याचा निर्णय निघाला, तो मुंबईच्या खासदारांनी दिल्लीत जाऊन मागे घ्यायला लावला. आमच्या कन्हानच्या ऑटोत खासदार बसत नाहीत, म्हणून हे पत्र.

शिवाय भाडं आम्ही भरलेलंच आहे, थोडंसं. 1 एप्रिल 2022 पासून नागपुरात घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीवर 1 टक्का मेट्रो अधिभार लागतो. चाळीस लाखांचा फ्लॅट घेतला की चाळीस हजार मेट्रोला. मेट्रोत पाऊल न ठेवता इतकं तिकीट काढलेला प्रवासी जगात कुठे असेल? त्यांना निदान एक दिवस खिडकीपाशी बसवावं.

वर्धा रोडवरच्या 3.14 किलोमीटरच्या दुमजली पुलाची गिनीजमध्ये नोंद झाली. गड्डीगोदामला तर रेल्वेच्या वरून पूल आणि पुलाच्या वरून मेट्रो अशी रास रचली आहे. खालून जाताना मान वर करून बघावीशी वाटते, आणि मी बघतो. बांधता येतं, यात आम्हाला शंका नाही. आमचं म्हणणं एवढंच की कन्हान ते बर्डी तिकीट दोघांच्या मोटारसायकलीपेक्षा महाग लावू नये, चार जणांच्या कुटुंबाला एक तिकीट द्यावं, पहिली गाडी भाजीच्या टोपलीसाठी आणि शेवटची दुसऱ्या पाळीसाठी ठेवावी. यातलं काही जमत नसेल तर शेवटून दुसऱ्या स्थानकाचं नाव तरी बदलावं.

आपला,
कामठी रोडची एक जुनी सवारी

सहपत्रे: पेट्रोल पंपाची पावती (एक). ऑटोचालकांनी पावती देण्यास नकार दिला.

प्रत माहितीस्तव:
इतवारी–रामटेक मेमू, कन्हान जंक्शन (मालगाडी पुढे गेल्यावर वाचावी).
ब्रॉडगेज मेट्रो, पत्ता मिळाल्यावर पाठवण्यात येईल.