स्प्रिंग देशी की इम्पोर्टेड?

मामा आत टेबलावर, मनगटातून नळी गेलेली. बाहेर मंडळींना पडद्यावरची नस दाखवून विचारलं जातं, ‘नव्वद टक्के ब्लॉक आहे. आत्ताच उरकून घेऊ. स्प्रिंग देशी टाकायची की इम्पोर्टेड?’ जावई लगेच पुढे. ‘इम्पोर्टेडच टाका डॉक्टर, पैशाचं बघू.’ लग्नाचा शालू निवडायलाही याहून जास्त वेळ लागतो.

ग्रुंट्झिग नावाच्या डॉक्टरनं १९७७ साली झुरिकमध्ये हृदयाच्या नसेत पहिल्यांदा फुगा फुगवला, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. फुगा एकच, तोही स्वयंपाकघरातल्या टेबलावर खटपट करून जमवलेला. फुग्यानं उघडलेली नस अनेकांची पुन्हा आकसायची, म्हणून १९८६मध्ये जाळी आली, म्हणजेच स्टेंट, आपली ‘स्प्रिंग’. जाळीतही पेशी वाढून ती चोंदायची, म्हणून तिला औषधाचा लेप आला. इथवर प्रगती खरी. मग विरघळणारी स्प्रिंग आली. ती नसेत तीनेक वर्षांत विरघळणार होती. अमेरिकेत जुलै २०१६मध्ये परवानगी मिळाली, गुठळ्यांचं प्रमाण जास्त निघालं आणि सप्टेंबर २०१७मध्ये कंपनीनं विक्री थांबवली. नसेआधी बाजारातच विरघळली!

त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या सरकारनं लेपवाल्या स्टेंटच्या किमतीला २९,६०० रुपयांवर लगाम घातला. आदल्या दिवसापर्यंत हाच माल लाखाच्या वरही जात होता. एकूण बिल किती उतरलं, ते भरणाऱ्यांना विचारा.

आणि त्याच वर्षी लंडनमधून एक आगाऊ चाचणी आली. चालताना छातीत कळ येणारे, एकच नस अरुंद असलेले, बाकी स्थिर असे २०० रुग्ण. सगळ्यांना औषधं चोख. साधारण निम्म्यांना स्टेंट, उरलेल्यांना गुंगी देऊन नुसतं नाटक. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं, तर दोन्ही गटांत नोंद घ्यावी असा फरक नाही. झटका आलेला असेल तर नस तातडीनं उघडण्यानं जीव वाचतो, तिथं वाद नको. औषधांना न जुमानणारी कळही स्टेंटनं कमी होते. पण स्थिर रुग्णाच्या बाबतीत ‘आजच टाकायला हवी का?’ एवढं विचारायला कुणाची हरकत असते? बाहेरची मंडळी मात्र गॅरंटीचं कार्ड मागतात.

स्टेंटनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दोन गोळ्या कित्येक महिने न चुकता घ्यायच्या असतात. त्या स्वस्त असतात, म्हणूनच बहुधा, दुसऱ्या महिन्यात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद होतात.