खुनी नसलेला खूनपट

भयपटांतल्या कॉलेजकुमारांचा दिनक्रम ठरलेला असतो. जंगलात जायचं, बिअर प्यायची, रात्री तळ्यात उतरायचं आणि मुखवटेवाल्याच्या हातून मरायचं. इली क्रेग यांच्या २०१०च्या ‘टकर अँड डेल व्हर्सेस ईव्हिल’मध्ये मुखवटेवाल्याची गरजच उरलेली नाही. पोरं आत्मनिर्भर आहेत. आपली आपणच मरतात.

टकर आणि डेल हे दोन गरीब जीव. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात घेतलेलं मोडकं घर दुरुस्त करावं, मासे धरावेत, एवढाच त्यांचा बेत. पण दाढी वाढलेली, कपडे मळके, त्यात डेल मुलींशी ओळख काढायला जातो तो हातात लांब दांड्याचा विळा घेऊन. शिकल्यासवरल्या पोरांचा निकाल तिथेच लागतो. बुडणाऱ्या ॲलिसनला हे दोघे वाचवतात आणि ‘तुमची मैत्रीण आमच्याकडे आहे’ असं ओरडून सांगतात. खंडणीखोरही याहून वेगळं काय ओरडतो?

पुढे टकरच्या करवतीखाली मधमाश्यांचं पोळं येतं. बिचारा करवत नाचवत पळत सुटतो. पोरं त्याच्याही पुढे पळतात आणि एकजण मोडक्या फांदीवर स्वतःला आरपार भोसकून घेतो. दुसरा टकरवर झेपावतो. टकर नेमका वाकतो आणि हा लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्रात! टकर त्याचे पाय धरून ओढत राहतो, हाती अर्धाच ऐवज लागतो. पोरांनी सामुदायिक आत्महत्येचा कट केलाय, असा निष्कर्ष टकर काढतो. समोरचा पुरावा पाहता तो चूक म्हणवत नाही. ॲलन ट्युडिक आणि टायलर लॅबिन हे सगळं इतक्या निरागसपणे करतात, की रक्ताच्या चिळकांडीलाही हसू येतं.

दुखणं शेवटच्या अर्ध्या तासात. (शेवट कळायला नको असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) मानसशास्त्र शिकणारी ॲलिसन दोन्ही पक्षांना चहाला बसवते, तिथपर्यंत ठीक. पण मग पोरांचा म्होरक्या चॅड खराखुरा खलनायक होतो आणि ज्या जुनाट युक्त्यांची टर उडवली, त्याच कामी येतात: लाकडाची वखार, करवत, बांधलेली नायिका. वर चॅडच्या माथेफिरूपणाला खुनी बापाचा खुलासा जोडलाय. रूपावरून माणूस जोखू नका, असं तासभर बजावायचं आणि शेवटी रक्ताकडे बोट दाखवायचं! उरलेली पोरं तर इतकी एकसारखी, की कोण मेलं हे मोजूनच कळतं.

तरीही बघाच. पहिल्या तासाला चार तारे, शेवटच्या अर्ध्या तासाला दोन.