शत्रूला नंदुरबार माहीत नव्हतं

1971च्या डिसेंबरात पूर्व आघाडीची सूत्रं जनरल अरोरांकडे होती आणि आमच्या गल्लीची जिभाऊंकडे. मी नववीत होतो आणि नकाशा माझ्याकडे होता. नकाशा म्हणजे शाळेचा अ‍ॅटलास. त्यात पूर्व पाकिस्तान तळहाताएवढं आणि नंदुरबार मुळीच नाही. जेसोर, सिल्हेट, हिली, जमालपूर ही गावं बातम्यांत येतील तशी मी पेन्सिलीने बसवत गेलो. नंदुरबार मात्र शाईने काढलं, आणि इतकं ठसठशीत काढलं की निम्मं सुरत त्याच्याखाली गेलं.

बैठक जिभाऊंच्या ओसरीवर, मर्फी रेडिओसमोर. व्हॉल्व्हचा सेट, बटण फिरवल्यावर तापेपर्यंत तो गप्प असायचा आणि तेवढ्यात जिभाऊ बोलून घ्यायचे. सेट त्यांचा, लायसन्स त्यांच्या नावचं, पोस्टात वर्षाचे 15 रुपये त्यांनी भरलेले. तेव्हा कोणतं स्टेशन खरं बोलतं हे ठरवायचा अधिकारही त्यांचाच. आकाशवाणी ऐकायची. बीबीसी मानायची. रेडिओ पाकिस्तान लावायचा तो फक्त त्यांचं खोटं कालच्यापेक्षा किती वाढलं ते बघायला. रेडिओ सिलोन युद्ध संपेपर्यंत बंद. अपवाद बुधवारी रात्री आठचा, कारण अमीन सयानींचा बिनाका गीतमाला चुकवून देशाचा काही फायदा होतो असं जिभाऊंना पटत नव्हतं.

हिंदी बातम्या देवकीनंदन पांडे द्यायचे. ते संपले की मी सुरू व्हायचो. ओसरीवर सगळ्यांना हिंदी कळत होती, पण मी ती बातमी मराठीतून, आवाज पोटातून काढून आणि मोक्याच्या जागी थांबून पुन्हा सांगितल्याशिवाय पुरी झाली असं मला वाटत नसे. पांडेजींकडे नसलेली माहितीही मी देत असे. नुकताच आवाज फुटत होता. त्यामुळे ‘आपल्या फौजांनी’ खर्जात निघायचं आणि ‘आगेकूच केली’ थेट टिपेला जायचं. कोणी हसलं की मी त्याला शत्रूचा हस्तक समजायचो.

आता मिरची. युद्धात मिरची कुठून आली असं विचारणारा माणूस नंदुरबारचा नव्हे.

डिसेंबर म्हणजे मिरचीचा महिना. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत पडलेली, नजर जाईल तिथवर. परगावचा पाहुणा स्टेशनवर उतरला की आधी शिंकतो आणि मग पत्ता विचारतो. आम्हाला सवय आहे असं आम्ही त्याला तोंड वळवून सांगतो, कारण शिंक आम्हालाही आलेली असते. वारा फिरला की ठसका लागतो, आणि ठसक्याच्या जाती आहेत. एक सुका, दोन खोकल्यांत मिटणारा. दुसरा घशाशी येऊन बसणारा, धड बाहेर नाही, धड आत नाही. हा बहुधा लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला लागतो. तिसरा सामुदायिक. हा एकाला लागला की ओसरी संपूर्ण घेऊनच थांबतो. त्या दिवसांत कोणा परक्याने आमची बैठक पाहिली असती, तर बातम्या ऐकताना एकूण एक डोळ्यांत पाणी बघून आमच्या देशभक्तीपुढे त्याने हात जोडले असते. आम्हीही जोडू दिले असते.

या मिरचीवर जिभाऊंनी संरक्षणशास्त्र उभं केलं. पथाऱ्यांचे लाल पट्टे विमानातून दिसत असणारच. कराचीहून उडालेलं विमान सुरतेवरून डावीकडे वळलं की संपलं, समोर आपणच. सुरत-भुसावळ लोहमार्ग आहे, उकाईचं धरण आहे (ते अजून बांधून पुरं झालं नव्हतं, पण शत्रूला तेवढी घाई असेल). आणि एक बॉम्ब नेमका पथारीवर पडला, तर खोकणारं सैन्य बंदूक धरील कशी? ओसरी गंभीर झाली. तेव्हा मी निदर्शनाला आणलं की हिवाळ्यात वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे धूर समुद्राकडे जाणार, टाकणाऱ्याच्याच नाकात. जिभाऊंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हा पोरगा दिल्लीला हवा.” पुढे कित्येक दिवस मी गल्लीतून चालताना मान वळवत नसे, फक्त डोळे वळवायचो.

मुंबईत ब्लॅकआउट होता. आमच्याकडे वीज आपली आपण जायची. त्या महिन्यात आम्ही तिलाच ब्लॅकआउट म्हणू लागलो. बॉम्ब पडावा असं कोणालाच वाटत नव्हतं. पण आपण बॉम्ब पडण्याच्या लायकीचे आहोत एवढं तरी कोणी म्हणावं, शक्यतो पांडेजींनी, रात्री पावणेनऊला. रेडिओवर एकदा नंदुरबार ऐकायला मिळावं यासाठी आम्ही शत्रूचंही सहकार्य घ्यायला तयार होतो.

हसण्यावारी नेलं तरी यातलं एक कुसळ अजून खुपतं. पथारीवर मिरचीचे देठ खुडायला अक्राणी, तळोद्याकडच्या बाया यायच्या. संध्याकाळी त्यांची बोटं भाजल्यागत लाल असत आणि त्या हात अंगापासून लांब धरून चालत. त्याच वर्षी, मे महिन्यात, शहादा तालुक्यात पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. माणूस मेला. अंबरसिंग सुरतवंती तेव्हा गावोगाव हिंडून लोकांना एकत्र करत होते. शहादा आमच्यापासून एसटीने फार तर दीड तास. माझ्या अ‍ॅटलासात हिली होती, सिल्हेट होतं; पाटीलवाडी नव्हती, आणि ती पेन्सिलीने बसवायला मला कोणी सांगितलं नाही. ओसरीवर तो विषय निघाला की जिभाऊ म्हणायचे, “ते आपल्या घरातलं आहे.” घरातलं म्हणून बोलायचं नाही आणि बाहेरचं म्हणून रात्रंदिवस बोलायचं, या शिस्तीची मला आजही चीड येते. आपलं नाव कोणी घेत नाही म्हणून कुढणारं गाव त्या बायांपैकी एकीचंही नाव जाणत नव्हतं.

बैठकीत एक जण मात्र उलट्या बाजूने बसलेली असे. समोरच्या घरातली जिजी. तिचा मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत, जंगी पलटणीत. जिजी ओसरीवर चढायची नाही. पायरीवर बसून शेंगा फोडायची. हिंदी तिला कळत नसे. पांडेजींच्या तोंडून माणसाचं नाव आलं की तिचा हात थांबायचा. कोणाचंही नाव. याह्याखान म्हटलं तरी थांबायचा. मग मान वर न करता विचारायची, “मना पोर्‍यानं नाव ते नही उनं ना?” नाही म्हटलं की शेंग पुन्हा फुटायची. शिपायांची नावं रेडिओवर सांगत नाहीत, घरी तार येते, हे ओसरीवर सगळ्यांना माहीत होतं. तिला ते सांगायची छाती जिभाऊंचीही नव्हती. आम्ही सगळे एक नाव यावं म्हणून कान लावून होतो. ती एक नाव येऊ नये म्हणून.

16 डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्सवर दुपारी 4 वाजून 31 मिनिटांनी नियाझींनी शरणागतीवर सही केली. आमच्या ओसरीला ती कळायला ठसका ओसरावा लागला. झालं असं की नेमका वारा फिरला. ‘ढाका’ ऐकू आलं, ‘जनरल नियाझी’ ऐकू आलं, आणि तिसऱ्या जातीचा ठसका सुटला. जिभाऊ, त्यांचे व्याही, किराणावाले शेठ, सगळे कमरेत वाकलेले. आवाज बसला तेव्हा रेडिओ पुढच्या बातमीवर गेला होता. मग उरलेली बातमी मी दिली. ती देताना मी ढाका थोडं आधीच घेतलं होतं आणि नियाझींना रडवलंही होतं. जिभाऊंनी हात वर करून मला थांबवलं, काटा सरकवत सरकवत बीबीसी लावली, खरखरीतून दोन वाक्यं वेचली आणि मग उठून उभे राहिले. डोळे वाहत होते. “मिरची,” ते म्हणाले.

जिजीने तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. नाही म्हटल्यावर सुपातल्या सोललेल्या शेंगा सगळ्यांना वाटल्या. विजयाचे पेढे शेठजींनी दुसऱ्या दिवशी आणले. आमचा विजय त्या दाण्यांवरच साजरा झाला.

होळीच्या सुमारास मुलगा रजेवर आला. मी अ‍ॅटलास घेऊन गेलो. जमालपूर 11 डिसेंबरला कसं पडलं, फौजा नदी ओलांडून पाठीमागे कशा गेल्या, दक्षिणेचा रस्ता रात्री कसा अडवला, हे सगळं मी त्याला पांडेजींच्या आवाजात समजावून दिलं. जंगी पलटण तिथेच लढली होती हेही सांगितलं. तो ऐकत होता. जिजी आतून म्हणाली, “आयक रे, शिकेल पोर्‍या शे.”

“मग त्या रात्री आम्ही कुठे होतो?” त्याने विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. तो वाकून बघत राहिला आणि म्हणाला, “असेल. अंधार होता. पाणी मात्र भलतंच गार होतं.”

त्याच संध्याकाळी ओसरीवर मी जाहीर केलं की ब्रह्मपुत्रेचं पाणी त्या रात्री भलतंच गार होतं. कुठून कळलं, असं जिभाऊंनी विचारलं. समोरच्या घरातून म्हटलं असतं तर त्यांना पटलं नसतं. मी म्हणालो, बीबीसी.